आक्काची डबी

कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला, एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला चंचीशिवाय घराबाहेर पडत नसे. धाकट्याच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला चहासुद्धा वर्ज्य. गोष्टीतल्या न्यायानं आजारी पडायला हवा होता थोरला. पडला धाकटा.

धाकटा साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा होता. वय चौतीस झालं तरी हुद्दा बॉयचाच. हंगामाच्या तोंडावर कामगारांची तपासणी झाली तेव्हा सिस्टरनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला आणि पुन्हा बांधला. आकडा हलेना : १७०/११०.

“घरात कोणाला बीपी?”

“कुणालाच न्हाई.”

“तंबाखू, दारू?”

त्यानं उत्तर न देता माळ दाखवली.

आरोग्य केंद्रात नव्यानं आलेल्या डॉक्टरबाईंनी त्याला कराडला पाठवून तपासण्या करून घेतल्या. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागली होती. म्हणजे बीपी आजकालचं नव्हतं, काही वर्षं मुकाट्यानं काम करत बसलेलं होतं. गावात मात्र चर्चा सुरू झाली. पारावर थोरल्यानं तंबाखू मळता मळता निकाल दिला, “माळ घालून काय उपेग? आमचं बघा, ठणठणीत.” थोरल्याचं बीपी कुणी मोजलेलंच नव्हतं, ही गोष्ट पाराच्या लक्षात आली नाही.

पुढच्या खेपेला धाकट्यासोबत त्याची आई आली. सारा गाव तिला आक्का म्हणे. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि एक भलताच प्रश्न विचारला, “हे जन्मले तेव्हा वजन किती होतं?”

धाकट्याला हसू आलं. आक्काला आलं नाही. तिच्या आयुष्यातली ती शौर्यकथा होती आणि ती सांगायची संधी तिला फार दिवसांनी मिळाली होती.

“नर्सबाईनं झोळीच्या काट्याला टांगला व्हता बघा. दोन किलोला दोन बोटं कमी भरला. दाई म्हनली, ह्यो काय टिकत न्हाई. म्या कापसात गुंडाळून, पोटाशी धरून जगिवला. थोरला तसा न्हवता. त्यो पावनेतीन किलोचा गुटगुटीत.”

डॉक्टरबाई आक्काच्या हिरड्यांकडे बघत होत्या. काळसर, खाली सरकलेल्या, दातांची मुळं उघडी. “आक्का, मिश्री लावता?”

“लावते की. सकाळी लावल्याबिगर पोटच साफ हुईना.”

“थोरल्याच्या वेळेला लावत होता?”

“न्हाई. ह्याच्या येळंला चौथा म्हैना लागला आन दाढ उमाळली. आत्याबाईंनी डबी फुडं केली, म्हनल्या लाव, दुख जिरंल. जिरली बी. भूक बी कमी लागायची, ते त्या दिवसांत बरंच व्हतं.”

तिनं हे सगळं सहज सांगितलं. विचारणाऱ्याचा रोख तिला कळला नव्हता. मुलाला कळला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

डॉक्टरबाईंनी मग जे सांगितलं ते मी जरा सविस्तर देतो, कारण पुढचं सगळं त्यातून ऐकलेल्या अर्ध्या भागामुळे घडलं. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजली, कुटून पूड केली की मिश्री होते. भाजल्यानं तंबाखू जळतो, निकोटिन सगळं जळत नाही. हिरडीतून ते रक्तात जातं आणि वार ओलांडून बाळाच्या रक्तातही पोहोचतं. बाळाकडे रक्त नेणाऱ्या नसा त्यानं आवळतात. पोटातलं पोर कमी रक्तावर भागवायला शिकतं. त्यात मेंदूला आधी, बाकीच्यांना नंतर, अशी वाटणी होते. मूत्रपिंड त्या बाकीच्यांतलं. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या, नेफ्रॉन, माणसाला एका मूत्रपिंडात सरासरी नऊ-दहा लाख मिळतात, पण कुणाला त्याच्या चौथाईवर भागवावं लागतं. गरोदरपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम संपतं. त्यानंतर एकही नवी चाळणी तयार होत नाही.

धाकटा उसातला माणूस. त्याला हे डॉक्टरबाईंचं सांगून होण्याआधीच उमगलं. “म्हणजे फुटव्यासारखं,” तो म्हणाला. “फुटवा सुरुवातीलाच फुटतो. मागनं कितीबी युरिया टाका, ऊस जाड हुतो, फुटवे वाढत न्हाईत.”

“तसंच. मग थोड्या चाळण्यांवर कामाचा भार जास्त पडतो आणि बीपी वर सरकतं. रक्तवाहिन्यांचंही तसंच आहे. त्यांना लवचीक ठेवणारे धागे बहुतेक जन्माआधी आणि लहानपणीच विणले जातात.”

त्यांनी इंग्लंडची गोष्टही सांगितली. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून नर्सबाया प्रत्येक तान्ह्या बाळाचं वजन वहीत टिपून ठेवत. पाऊणशे वर्षांनी डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती त्या वह्या लागल्या. साडेपाच हजारांवर पुरुषांचा माग काढून त्यांनी १९८९ साली दाखवलं की जन्मताना आणि वर्षाचे होताना जे हलके होते, त्यांच्यात हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त होतं. त्या वह्यांमध्ये तंबाखूचा विषय नव्हता. बार्कर यांचा रोख पोषणावर होता. पण पोटातल्या दिवसांचा हिशेब हृदय कित्येक वर्षांनी मागतं, ही गोष्ट तिथून डॉक्टरांच्या डोक्यात शिरली. मग बाकीचे लोक औषधं, अमली पदार्थ, तंबाखू यांच्या मागे लागले. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात गाभण उंदरिणींना कोकेन दिलं. त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून पुन्हा सुरू केला, तर नरांच्या हृदयाचं नुकसान जास्त झालं, माद्यांचं तसं झालं नाही. निकोटिन देऊनही पिल्लांची हृदयं अशीच हळवी निघाली. हृदयाला सांभाळणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक त्यांच्यात जन्माआधीच दाबलं गेलं होतं. हॉलंडमध्ये तिशीच्या आतबाहेरच्या तरुणांच्या मानेतल्या रोहिणीची जाडी मोजली. ज्यांच्या आया गरोदरपणी सिगारेट ओढत, त्यांची भिंत किंचित जाड निघाली.

“आणि मिश्री?” धाकट्यानं विचारलं. आवाज बदललेला होता.

“मुंबईत बाराशेवर बायकांची पाहणी झाली होती, २००४ साली छापून आली. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तोंडात तंबाखू धरणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी शंभरेक ग्रॅम हलकी. पण हे बघा, हे सगळं हजारो माणसांच्या सरासरीचं बोलणं आहे. तुमच्या एकट्याच्या बीपीचं खापर एका डबीवर फोडता येत नाही. आईचं स्वतःचं खाणं, त्या दिवसांतलं कष्टाचं काम, आनुवंश, तुमच्या ताटातलं मीठ, रात्रपाळ्या, सगळं त्यात आहे.”

हा शेवटचा भाग धाकट्यानं ऐकला नाही. माणसाला आपल्या दुखण्याला एक मालक हवा असतो. तो मिळाला की पुढचं ऐकण्याची गरज उरत नाही.

घरी येताच त्यानं देवळीतली डबी उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली. पितळी डबी, आत्याबाईंच्या हातची, झाकणावर मोर कोरलेला. “पोटातच माझं वाटोळं केलंस,” एवढंच बोलला. त्यानंतर आईशी बोलणं बंद. तिच्या हातचं पाणी बंद. जेवण वाढायचं ते बायकोनं. आक्का दोन दिवस खाली मान घालून बसली. चौथ्या महिन्यात दाढ दुखत असताना सासूनं दिलेली डबी नाकारणारी सून त्या काळात कुठल्या घरात होती, हे तिला कुणीच विचारलं नाही आणि तिलाही सुचलं नाही.

हे सगळं घरातलं आणखी एक माणूस बघत होतं. धाकट्याची बायको. तिला पाचवा महिना होता.

तीही मिश्री लावायची. माहेरी बारा-तेरा वर्षांची असताना लागलेली सवय. तिथं मुलीनं मिश्री लावण्याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. डबी उकिरड्यावर गेली त्या दिवशी तिनं आपली पुडी गोठ्यातल्या कडब्याच्या गंजीत खोचली. आशाताई माता-बाल कार्ड घेऊन आल्या आणि नवऱ्यादेखत विचारलं, “तंबाखू, मिश्री काही?” ती म्हणाली, “छे.” कार्डावर ‘नाही’ची खूण पडली. नवऱ्यानं अभिमानानं मान हलवली. पूर्वी ती दिवसातून तीनदा लावायची, आता भीतीनं जीव कासावीस झाला की लावू लागली आणि भीती तर दिवसभर होती.

बोधकथा लिहिणारे इथं सहसा एखाद्या साधूला आणतात. या गोष्टीत नाक आलं.

आक्काची मिश्री बळजबरीनं सुटली होती. पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणके, हात कापत, चिडचिड व्हायची, पोट फुगायचं. पण चौतीस-पस्तीस वर्षांनी नाकाला धार आली. एका पहाटे ती गोठ्यात धार काढायला गेली आणि गंजीमागून तो करपट, ओला वास आला. सून पाठमोरी बसली होती, तोंडात बोट.

खरं सांगायचं तर आक्काच्या मनात पहिल्यांदा पोटातल्या बाळाचा विचार आला नाही. पहिल्यांदा आलं ते असं, की एक बोट आपल्यालाही मिळालं तर. ती तिथंच थबकली. सुनेनं मागं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“आत्या, ह्यांना सांगू नका. पाया पडते.”

आक्का तिच्या शेजारी कडब्यावर टेकली. “कुनाला सांगू? माझ्यासंगं बोलतंय कोन?” मग हात पुढं करून म्हणाली, “आन हिकडं ती पुडी. लावायला न्हाई. हातात धरायची हाय नुसती.”

सून हसली आणि हसता हसता रडायला लागली. महिनाभर तिला वाटत होतं, पकडली गेले तर शिव्या पडतील. शेजारी येऊन बसेल असं कुणी तिच्या हिशेबात नव्हतं.

त्या पहाटेपासून दोघींचं एक गुपित सुरू झालं. उठल्या उठल्याची तलफ सगळ्यात वाईट, हे आक्काला ठाऊक होतं. म्हणून त्या वेळेला दोघी गोठ्यात एकत्र. आधी कोमट पाणी, तांब्याभर. त्यानंही पोट साफ होतं, मिश्री त्याचं श्रेय फुकट खाते. हिरडी शिवशिवली की बडीशेप, नाहीतर नुसतं बोट दाबून धरायचं. जेवणानंतरची तलफ भांडी घासण्यात घालवायची. थोरल्याच्या तंबाखूच्या पाकिटावर तंबाखू सोडण्याचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. सुनेनं तो वाचला आणि दोघींनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, कधीपासून सोडणार, तारीख सांगा. आक्का म्हणाली, “म्या सोडलीया. हिची सोडवायची हाय.” पलीकडून सांगितलं, तलफ दोन-पाच मिनिटांची असते, तेवढी टाळा. “दोन-पाच?” आक्का फोन ठेवून म्हणाली. “येकदा ह्याला मिश्री लावायला लावली पायजे, मग कळंल.” पण चुलीशेजारच्या घड्याळात तिनं बघून ठेवलं. पाच मिनिटांच्या वर ती सहसा जात नव्हती.

सून दोनदा घसरली. एकदा माहेरी ओटीभरणाला गेली तेव्हा, एकदा कारखान्यावरून नवरा रात्री परतलाच नाही तेव्हा. दोन्ही वेळा तिनं आक्काला येऊन सांगितलं. मला या साऱ्या गोष्टीत ही बाब सगळ्यात मोठी वाटते. सांगण्याची जागा होती म्हणून ती परत आली. नसती तर कडब्याची गंज होतीच.

आठव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी बाळाची वाढ थोडी मागं असल्याचं सांगितलं. नवरा बाहेर बाकावर होता. दार लोटून डॉक्टरबाईंनी विचारलं, “आता दोघीच आहोत. काही सांगायचंय?” आणि सुनेनं सगळं सांगितलं. कधी लागली, कधी वाढली, कधीपासून बंद आहे. डॉक्टरबाईंनी कार्डावरची ‘नाही’ खोडली. दार नीट लागलेलं नव्हतं. धाकटा आत आला तो तांबडालाल होऊन.

“आईनंच लावली असंल हिला!”

“आईंनी सोडवली,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बसा आधी. गोळी घेतली का आज?”

घेतली नव्हती. बीपी १५८. त्याच पट्ट्याखाली हात असताना त्यांनी त्याला ऐकवलं. “तुम्ही डबी उकिरड्यावर टाकलीत त्याच दिवशी हिनं पुडी गंजीत लपवली. महिनाभर रोज जास्त लावली. तुमच्या रागाचा हिशेब मांडायचा तर तो तुमच्या लेकराच्या नावावर मांडावा लागेल. आणि तुमच्या आईला कुणी सांगितलं होतं हो, तेव्हा? मी तुम्हाला सांगितलं, तरी तुम्ही अर्धंच ऐकलंत.”

धाकट्याला उत्तर सुचलं नाही. घरी गेल्यावरही तो आईची क्षमाबिमा मागण्याच्या फंदात पडला नाही. आपल्याकडच्या पुरुषांना ते जमत नाही. जेवायला बसताना मात्र म्हणाला, “आक्का, भाकरी तू थाप. हिच्या भाकरीला पापुद्रा येत न्हाई.” सुनेनं हे बोलणं मनावर घेतलं नाही.

मुलगा झाला. वजन दोन किलो पाचशे साठ. चमत्कार झाला असं म्हणण्यासारखं नव्हतं आणि कुणी तसं म्हटलंही नाही. पण अडीच किलोची रेघ त्यानं ओलांडली होती. आक्का लगेच लोणी काढून बसली. नातू हलका, त्याला गुबगुबीत करायचा. डॉक्टरबाईंनी तिथंही अडवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांतली बाळं मोजून दाखवलं आहे की आपली बाळं दिसायला किडकिडीत असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते. अशा बाळाला घाईनं फुगवलं तर पुढं बीपी आणि साखर या दोन्हींना आमंत्रण. सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही. “आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी बीपी मोजायला आणा.”

“येवढ्याशा पोराचं बीपी?” थोरला म्हणाला.

“तुम्हीही या. तुमचं तर कुणी मोजलंच नाही अजून.”

थोरल्याचं १४८ भरलं. पारावर त्यानं ते सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात बीडकडची ऊसतोड कामगारांची एक टोळी गावच्या शिवारात उतरली. धाकटा पहाटे चिठ्ठ्या घेऊन कोप्यांवर गेला तेव्हा तीन दगडांच्या चुलीवर तवा होता आणि तव्यावर तंबाखू. धुरानं सगळ्यांना ठसका लागला होता. भाजणारीचं पोट पुढं आलेलं. वर्षभरापूर्वीचा धाकटा तिथं हर्टफर्डशायरपासून सुरुवात करता. यावेळी त्यानं चिठ्ठ्या मुकादमाच्या हातात दिल्या, गाडी वळवली आणि घरून आक्काला मागं बसवून घेऊन आला.

आक्का चुलीपाशी उकिडवी बसली. तव्याकडे बघितलंच नाही तिनं. इकडचं तिकडचं विचारलं. गाव कुठलं, कितवा महिना, मागं किती लेकरं. मग म्हणाली, “दाढ दुखती का गं?”

बाईनं गालावर हात ठेवला. “दोन म्हैने झाले. झोप नाही.”

“आन मिश्रीनं थांबती?”

“घडीभर.”

आक्कानं लेकाकडे बघितलं. धाकट्यानं मुकादमाशी अर्ध्या दिवसाच्या खाड्यावरून वाद घातला, तो जिंकला नाही, खाड्याचे पैसे स्वतः भरले आणि शुक्रवारी ऊस उतरवून रिकाम्या निघालेल्या ट्रॅक्टरवर त्या बाईला नि आक्काला बसवून दातांच्या डॉक्टरकडे नेलं.